पोराला उन्हाळ्यात चिखलात पाठवायचंय? रेफ्यूजवरच्या वायसीसीच्या नोकरीबद्दल अथपासून इतिपर्यंत

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इथे न्यू जर्सीत दरवर्षी एकच विषय निघतो, समरला मुलांना काय लावलं? कोणी कोडिंग कॅम्प म्हणतं, कोणी एसएटीचा क्लास, कोणी चार हजार डॉलर भरून कुठल्यातरी मोठ्या युनिव्हर्सिटीच्या आवारात दोन आठवडे. मी यंदा म्हटलं की आमची लेक गेल्या उन्हाळ्यात दलदलीत गवत उपटायला गेली आणि त्याचे तिला पैसे मिळाले, तर दोन मिनिटं शांतता. मग एकेक जण बाजूला येऊन विचारायला लागलं, कसं गं मिळवलंस, फॉर्म कुठे असतो, सेफ आहे का, उन्हात काळी नाही का होणार (होते. टॅन उतरतो.) तेच तेच दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. इथे नवीन आलेल्या लोकांसाठी मुद्दाम जरा पाल्हाळ लावलंय, ज्यांना माहितीये त्यांनी पुढे उडी मारा.

आधी हे आहे काय ते. यूथ कन्झर्व्हेशन कोअर, सगळे वायसीसी म्हणतात. १९७० चा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, कायदा आहे, सिनेटर हेन्री जॅक्सन यांनी लावून धरलेला. कल्पना तशी जुनी, मंदीच्या काळात १९३३ ते १९४२ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी बेकार तरुणांना जंगलात झाडं लावायला आणि रस्ते बांधायला पाठवलं होतं, त्याचंच हे शाळकरी मुलांसाठीचं धाकटं भावंड म्हणा. १५ ते १८ वयाची मुलं उन्हाळ्यात आठ-दहा आठवडे नॅशनल पार्क, नॅशनल फॉरेस्ट नाहीतर वाइल्डलाइफ रेफ्यूजवर काम करतात आणि पगार घेतात. कॅम्प नाही हं हा, फी नाही, सर्टिफिकेटचा समारंभ नाही. नोकरी आहे, साडेसातला म्हणजे साडेसातला.

रेफ्यूज म्हणजे आपलं अभयारण्यच, पण थोडा फरक आहे आणि तो आधीच कळलेला बरा. ही फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसची, म्हणजे केंद्राच्या वन्यजीव खात्याची जागा, नॅशनल पार्कवाल्यांची नाही. पहिलं रेफ्यूज १९०३ मधे फ्लोरिडात पेलिकन आयलंडला झालं, आता देशभर ५७० च्या वर आहेत, प्रत्येक राज्यात किमान एक. पाटीवर उडणारं निळं हंसासारखं बदक दिसलं की समजायचं रेफ्यूज आलं. आपल्याकडच्या माणसाला धक्का बसतो तो असा की बऱ्याच रेफ्यूजवर ठरावीक दिवसात शिकारीला परवानगी असते. माझ्या सासूबाईंना तर पटेचना, अभयारण्यात बंदूक? पण बदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी २५ डॉलरचा डक स्टॅम्प घ्यावा लागतो, १९३४ पासून चालू आहे ते, आणि त्याच पैशातून पाणथळ जमिनी विकत घेतल्या जातात. म्हणजे बदकं मारणाऱ्यांच्या पैशानेच बदकांची घरं वाचलीत. लेकीने हे जेवताना सांगितलं तेव्हा आमच्याकडे अर्धा तास वाद झाला, तुमच्याकडेही होईल.

आमच्या जवळचं उदाहरण द्यायचं तर ग्रेट स्वॉम्प. टाइम्स स्क्वेअरपासून जेमतेम २६ मैलांवर साडेसात हजार एकरांहून जास्त दलदल. १९५९ मधे तिथे मोठा विमानतळ करायचं घाटत होतं. आसपासच्या लोकांनी पैसे गोळा करून जमीन विकत घेतली आणि सरकारला देऊन टाकली, १९६० मधे त्याचं रेफ्यूज झालं. एडिसनहून पाऊण तासात जाता येतं, आणि इथे वीस वर्षं राहणारी आपली मंडळी आहेत ज्यांनी ते बघितलेलं नाही, आम्हीही त्यातलेच होतो. तर पहिलं काम हे करा, फॉर्मबिर्म नंतर, एका रविवारी मुलाला घेऊन जवळच्या रेफ्यूजवर चालून या. तासाभराने डास चावल्यावर तो कारमधे जाऊन बसला तर पुढचं वाचायची गरज नाही.

आधी कागद बघा, मग स्वप्नं

वय: काम सुरू व्हायच्या दिवशी १५ पूर्ण पाहिजेत आणि काम संपेपर्यंत १९ लागता कामा नयेत. यात सूट नाही, जुलैत पंधरावा वाढदिवस असेल तर पुढच्या वर्षी.

स्टेटस: इथे आपल्या बऱ्याच लोकांचं अडतं म्हणून स्पष्टच लिहिते. सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला पाहिजे. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या नवराबायको-मुलांचा व्हिसा) असलेल्या मुलाला पगाराची कुठलीच नोकरी करता येत नाही, ही पण नाही. एच-४ ईएडी, म्हणजे कामाचं परमिट, म्हणून जे ऐकता ते नवराबायकोसाठी असतं, मुलांसाठी नाही. कोणी सांगेल की काही होत नाही, फॉर्म टाकून द्या, तर अजिबात ऐकू नका, ग्रीन कार्डच्या रांगेत दहा वर्षं उभं राहून त्यात खडा कशाला टाकायचा. अशा मुलांसाठी रेफ्यूजवर बिनपगारी स्वयंसेवक म्हणूनही कामं असतात, १८ खालच्यांना पालकाची सही लागते, पण तुमच्या व्हिसावर काय चालतं ते आपल्या वकिलाला विचारून मगच. आणि पक्षी मोजायला कोणाचा व्हिसा लागत नाही. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, ख्रिसमसच्या सुमाराचा पक्षी मोजण्याचा कार्यक्रम तर १९०० पासून चालू आहे. कधीतरी कार्ड आलं तर तोवर पोरगं निदान चार पक्षी ओळखायला शिकलेलं असेल.

सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. आणि बऱ्याच राज्यांत अल्पवयीनांना वर्किंग पेपर्स लागतात, न्यू जर्सीत ते २०२३ पासून ऑनलाइन झालेत, आधी शाळेत खेटे घालावे लागायचे. पण ते नोकरी मिळाल्यावर करायचं, आधी नाही.

घर: बहुतेक रेफ्यूजवर राहायची सोय नसते, रोज जाऊन येऊन. आणि इथे पंधरा वर्षांच्या मुलाला गाडी चालवता येत नाही, न्यू जर्सीत एकट्याने चालवायला १७ पूर्ण लागतात. म्हणजे ड्रायव्हर कोण? तुम्ही. आठ आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, सकाळी पावणेसातला घर सोडायचं. मुलाला हे जमेल का हे सगळे विचारतात, आपल्याला जमेल का हे कोणी विचारत नाही. आम्ही तिच्या क्रूमधल्या (म्हणजे कामाच्या तुकडीतल्या) एका मुलाच्या आजोबांबरोबर कारपूल केलं, सकाळी मी, दुपारी ते. नाहीतर माझी नोकरी गेली असती.

संक्रांतीला फोन, होळीच्या आत फॉर्म

आता खरी मेख. वायसीसीला एकच मोठा देशभराचा दरवाजा नाही. प्रत्येक रेफ्यूज आपापला क्रू घेतं, आपापली तारीख ठरवतं, आणि घ्यायचा की नाही हेसुद्धा त्या वर्षीच्या पैशावर ठरतं. गेल्या वर्षी होता म्हणून यंदा असेल असं नाही. २०२५ च्या जानेवारीत फेडरल भरतीच थांबवली होती तेव्हा काय गोंधळ होता विचारू नका. म्हणून एकच जागा धरून बसायचं नाही, गाडीने जाता येईल अशा अंतरातली सगळी रेफ्यूज, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या जागा, असल्यास नॅशनल फॉरेस्ट, सगळ्यांची यादी करायची. फिलाडेल्फियाकडच्यांना विमानतळाला लागूनच जॉन हाइन्झ रेफ्यूज आहे, जर्सी शोअरकडच्यांना फोरसाइथ, कॅलिफोर्नियात बे एरियातल्यांना फ्रीमाँटचं डॉन एडवर्ड्स. यादी झाली की जानेवारीत एकेकाला फोन.

आम्ही पहिल्या वर्षी फोन एप्रिलमधे केला. का, तर शाळेचं टेन्शन, मग बोर्डाची परीक्षा असल्यासारखं ते एपीचं (शाळेतच कॉलेजच्या पातळीची परीक्षा) टेन्शन, मग आठवण झाली. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या आणि म्हणाल्या की फॉर्म महिन्यापूर्वीच बंद झाले. वर्ष गेलं. तेव्हापासून मी आपल्या सणांवर हिशोब ठेवलाय: संक्रांतीला फोन, होळीच्या आत फॉर्म पोचलेला, अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे निकाल, आषाढीला पोरगी गुडघाभर चिखलात. सणांच्या तारखा पुढेमागे होतात म्हणा, पण महिना चुकत नाही.

फोन मुलानेच करायचा. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. आईने फोन केला की पलीकडच्या माणसाच्या आवाजातच कळतं, हो हो मॅडम, मुलीला करायला सांगा. अडचण अशी की या पिढीने अनोळखी माणसाला फोन म्हणून केलेलाच नसतो, सगळं टेक्स्ट. आमच्या बाईसाहेबांनी तिळगुळाच्या डब्याच्या झाकणावर पेनाने चार वाक्यं लिहिली, बाथरूममधे जाऊन दार लावून फोन लावला, व्हॉइसमेल लागला, चारही वाक्यं घडाघडा म्हणाली, थँक यू म्हणाली आणि ठेवला. नंबर सांगितलाच नाही. नावही अर्धंच. मग परत फोन करायची लाज वाटते म्हणून दोन दिवस तसेच. तर चार वाक्यांत हे असू द्या: नाव, वय, या उन्हाळ्यात वायसीसी क्रू घेताय का, फॉर्म कधी आणि कोणाकडे पाठवायचा, आणि आपला नंबर, सावकाश, दोनदा. उत्तर आठवड्यात आलं नाही तर ईमेल. छोट्या रेफ्यूजवर माणसं मोजकी असतात, फोन घेणारा माणूस तेव्हा बाहेर कुठेतरी पंप दुरुस्त करत असतो, मुद्दाम टाळत नसतो.

फॉर्म अगदी छोटा असतो, आपल्याला वाटतं तसा कॉलेजचा नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख, पालकाची सही, काम का करायचंय याबद्दल थोडं. काही ठिकाणी छोटा इंटरव्ह्यू घेतात. आणि बऱ्याच ठिकाणी, नीट वाचा, चिठ्ठ्या टाकतात. लॉटरी. कायद्याचा हेतूच असा की सगळ्या थरांतल्या, सगळ्या रंगांच्या मुलांना संधी मिळावी, म्हणून ४.० जीपीए आणि पियानोची ग्रेड आठ घेऊन बसलेल्या मुलाचा आणि सी ग्रेडवाल्याचा चान्स सारखाच. आपल्या लोकांना हे पचत नाही. एक ओळखीतले काका मला म्हणाले, मग ॲचिव्हमेंट्स कुठे लिहायच्या? कुठेच नाही काका.

मी पण शहाणी कशी, का करायचंय च्या चौकोनात मीच तिला लिहून दिलं होतं, सस्टेनेबिलिटीबद्दल पॅशनेट वगैरे, चांगलं तीन ओळींचं, वाचलं की वाटावं एमबीएला चाललीये. तिने ते खोडलं आणि लिहिलं की मला बेडकांची भीती वाटत नाही, मी पहाटे उठू शकते आणि मला घराबाहेर काम करायचंय. चिठ्ठीत नाव निघालं की कोणी वाचलं देव जाणे, पण क्रू लीडरने पहिल्याच दिवशी तिला विचारलं म्हणे, बेडूकवाली तूच का?

जितक्या ठिकाणी क्रू आहे तितक्या ठिकाणी फॉर्म टाका. कुठेच नाही जमलं तर स्टुडंट कन्झर्व्हेशन असोसिएशन बघा, १९५७ पासूनची संस्था आहे, शाळकरी मुलांचे क्रू तेही घेतात. काऊंटीची पार्क्स असतात तीही बघा.

नाव निघालं, आता कागदपत्रं

मेडिकल हिस्टरीचा फॉर्म येतो. त्यात खरं लिहा. दमा असेल, मधमाशीची ॲलर्जी असेल, मिरगीची गोळी असेल तर लपवू नका, आपल्यात ती सवय आहे, उगाच नाही म्हणतील म्हणून. दलदलीच्या मधोमध मधमाशी चावली आणि एपिपेन (ॲलर्जीचं तातडीचं इंजेक्शन) कोणाकडे आहे ते लीडरला माहीत नाही, हा प्रसंग डोळ्यासमोर आणा आणि मग लिहा.

पहिल्या दिवशी आय-नाइन असतो, म्हणजे काम करायचा हक्क आहे याचा पुरावा. अमेरिकन पासपोर्ट असेल तर तो एकटा पुरतो, ग्रीन कार्ड असेल तर तेही एकटं पुरतं, नाहीतर शाळेचं आयडी आणि सोशल सिक्युरिटी कार्ड अशी जोडी. ओरिजिनल लागतं, फोनमधला फोटो चालत नाही. आमच्याकडे सोशल सिक्युरिटी कार्ड बँकेच्या लॉकरमधे, मंगळसूत्राच्या डबीखाली, ते काढायला अर्धा दिवस सुट्टी घेतली. डब्ल्यू-फोर हा टॅक्सचा फॉर्म, मुलासमोर बसून भरा, त्यालाच वाचायला लावा. आणि पगार जमा व्हायला मुलाच्या नावाचं बँक अकाउंट.

पैसे किती? फेडरल किंवा राज्याचं किमान वेतन, दोन्हींपैकी जे जास्त ते. फेडरल २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलंय. न्यू जर्सीत २०२५ मधे १५.४९ होतं, म्हणजे आठवड्याला ४० तास धरून आठ आठवड्यांचे साधारण ४,९५० डॉलर, कापून हातात त्याहून कमी. पण पेनसिल्व्हेनियात राज्याचं किमान वेतनसुद्धा २०२५ मधे ७.२५ च होतं, त्यामुळे मधली नदी ओलांडून तिकडे गेलं की आकडा निम्म्याहून खाली जाऊ शकतो, आधीच विचारून घ्या. एवढ्या कमाईवर इन्कम टॅक्स सहसा लागत नाही, कापला असेल तर पुढच्या वर्षी रिटर्न भरून परत मिळतो, तो भरायला विसरू नका. आणि आमच्या घरच्या अर्थमंत्र्यांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, यातले हजार डॉलर कस्टोडियल रॉथ आयआरएमधे (मुलाच्या नावाचं, पालकांनी सांभाळायचं निवृत्तीचं खातं) टाकायला लावले, कमावलेलं उत्पन्न असल्याशिवाय ते खातं वापरता येत नाही ना. तिला काडीचा इंटरेस्ट नव्हता. तिला पाहिजे होती दुर्बीण, उरलेल्यातून घेतली.

एक तांत्रिक गोष्ट: ही मुलं सरकारी नोकर धरली जात नाहीत, सर्व्हिस धरली जाईल, पेन्शन लागेल असलं काही मनात आणू नका, पण कामावर इजा झाली तर भरपाईचं संरक्षण कायद्याने आहे. वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

बूट, गोचीड, बिब्बा

बूट मे महिन्यात घ्या. आम्ही जूनच्या शेवटच्या आठवड्यात घेतले, चांगले महागाचे, घोट्याच्या वर येणारे, चामड्याचे, आणि पहिल्याच दिवशी ते घालून ती आठ तास उभी. संध्याकाळी मोजे काढले तर दोन्ही टाचांना मिळून सहा फोड. दुसऱ्या दिवशी जाते का नाही याचीच मला धास्ती. गेली, टाचेला पट्ट्या चिकटवून. महिनाभर आधी घरात, शाळेत, देवळात, सगळीकडे तेच बूट घालायला लावा म्हणजे पाय आणि बूट एकमेकांना ओळखतात. मोजे जाड, लोकरीचे, आणि रोज एक जादा जोड बॅगेत, कारण दुपारपर्यंत बुटात पाणी जातंच. कपडे फिकट रंगाचे, लांब बाह्या, लांब पँट. उकडतं, पण पर्याय नाही. हेल्मेट, हातमोजे, चष्मा तिकडे देतात, टीशर्ट पण दिला.

गोचीड हा इथला खरा शत्रू. आपल्याला गोचीड म्हणजे गायी-म्हशींच्या कानामागची फुगलेली करड्या रंगाची माहीत, इथली हरणांची गोचीड पिल्लू असताना खसखशीच्या दाण्याएवढी असते. अक्षरशः. तीळ आहे की गोचीड हे नखाने खरवडल्याशिवाय कळत नाही. तिच्यामुळे लाइम रोग होतो आणि न्यू जर्सी त्यात देशात वरच्या नंबरात. घाबरून मुलाला घरी ठेवू नका, फक्त शिस्त लावा. पँटचे पाय मोज्यात खोचायचे, दिसायला बावळट दिसतं, सगळा क्रूच बावळट दिसतो. कपड्यांवर परमेथ्रिनचा स्प्रे मारून वाळवायचे, कपड्यांवर, अंगावर नाही, आणि घरात मांजर असेल तर ओले असताना तिला लांब ठेवा. घरी आल्याआल्या कपडे सरळ ड्रायरमधे दहा मिनिटं चांगल्या तापावर, मग धुवायला. मग अंघोळ आणि तपासणी: गुडघ्यामागे, काखेत, बेंबीत, कानामागे, केसांच्या मुळाशी. आमच्याकडे तेल लावायच्या निमित्ताने केस मी बघायचे, रोज संध्याकाळी पायरीवर बसून, चंपीपण झाली आणि तपासणीपण. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, तेल, पेटती काडी असले आजीचे उपाय करू नका, आमच्या सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवरून तिन्ही सुचवले. तारीख लिहून ठेवा. महिनाभरात कधीही चट्टा उठला, ताप आला, तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

पॉयझन आयव्ही. तीन पानांची वेल, अंगाला लागली की दोन दिवसांनी फोड आणि खाज, बेजार करते. ज्यांनी गावाकडे बिब्बा उतलेला माणूस बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. आणि गंमत म्हणजे ती बिब्ब्याचीच नातेवाईक आहे, आंबा, काजू, बिब्बा, पॉयझन आयव्ही सगळे एकाच कुळातले, आंब्याचा चीक ओठाला लागून उततो तोच प्रकार. ज्या मुलाला हापूसची साल बाधते त्याने इथे जास्तच जपायचं. तेल असतं तिचं, ते बुटाच्या नाडीवर, फावड्याच्या दांड्यावर, फोनच्या कव्हरवर टिकून राहतं, म्हणून नुसते हात धुवून भागत नाही. नाड्या धुवा. हे आम्हाला नाडीमुळेच कळलं, आणि उतलं मला, तिला नाही.

किनाऱ्याच्या खाऱ्या दलदलीकडे, म्हणजे फोरसाइथच्या बाजूला, जुलैत हिरव्या डोळ्यांच्या गोमाश्या असतात. त्या डासाच्या स्प्रेला भीक घालत नाहीत. लांब बाह्या, बास.

पाणी: तीन लिटर. त्यात एका बाटलीत कोकम सरबत नाहीतर मीठ-साखर घालून लिंबू सरबत, विकतच्या निळ्या पाण्यापेक्षा बरं. डबा: मायक्रोवेव्ह नाही, फ्रीज नाही, हात चिखलाचे. पोळीचा रोल, थालीपीठ, गुळपोळी, जे एका हाताने फॉइलमधून खाता येतं ते. दहीभात देऊ नका, मी दिला होता, बारापर्यंत त्याचं काय झालं ते सांगत नाही. शेंगदाण्याची चिक्की न्यायच्या आधी क्रूमधे कोणाला नट ॲलर्जी आहे का विचारा.

दिवसभर करतात काय

मुलांना वाटतं हरणांना कुरवाळणार. तसलं काही नाही. सत्तर टक्के वेळ उपटणं, कापणं, खणणं, वाहून नेणं. बाहेरून आलेल्या वनस्पती माजल्यात, त्या काढायच्या. फ्रॅग्मायटीस म्हणून आपल्या नदीकाठच्या बोरूसारखं उंच गवत असतं, ते अख्खी दलदल गिळतं, बदकांना पोहायला मोकळं पाणीच राहत नाही. जांभळ्या फुलांचं लूसस्ट्राइफ, दिसायला इतकं सुंदर की पहिल्या दिवशी लेकीने फोटो पाठवला, किती छान ना, आणि दुसऱ्या दिवशीपासून तेच उपटायचं काम. लाकडी पायवाटेच्या सडलेल्या फळ्या बदलणं, पाट्या रंगवणं, ब्लूबर्डच्या घरट्याच्या पेट्या उघडून अंडी-पिल्लं मोजून वहीत लिहिणं. १८ खालच्यांना यांत्रिक करवत वगैरे चालवू देत नाहीत, कायदाच आहे, त्यामुळे सगळं हातकरवत, मोठी कात्री, कुदळ, पहार. घरी कधी केर न काढणारं पोरगं संध्याकाळी मला सांगतं की फावडं धरायची तुझी पद्धत चुकीची आहे, पाठ धरेल.

दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात वाईट. नवलाई संपलेली, मित्र समुद्रावर चाललेत, अंग दुखतंय, पाऊस. तेव्हा मुलं म्हणतात सोडतो. तेव्हा काय करायचं ते प्रत्येकाने आपापलं ठरवायचं, मी फक्त एवढंच म्हटलं की सोडायचं असेल तर लीडरला तू स्वतः फोन करून सांग, मी नाही सांगणार. फोन करायचा या भीतीने राहिली असावी. आणि पालकांनो, गेटवर सोडायचं आणि निघायचं. सुपरवायझरला फोन करून आज फार ऊन आहे हो, हिला जरा सावलीतलं काम द्या, असं करणारी एक आई मला माहीत आहे. (मी नाही.)

शेवटच्या आठवड्यात बदकांना कड्या घालायचं काम होतं. मका टाकून जाळीच्या पिंजऱ्यात वूड डक पकडतात, बायॉलॉजिस्ट पायात ॲल्युमिनियमची नंबर कोरलेली बारीक कडी घालतो आणि पक्कडीने दाबतो, नंबर मेरीलँडच्या पक्ष्यांच्या ऑफिसात नोंदला जातो, पुढे कोणाला कुठेही ते बदक सापडलं तर कळतं कुठून आलं. कोणीतरी बदक धरायला लागतं. दोन्ही पंख अंगाशी दाबून, छातीवर जोर न देता, नाहीतर त्याला श्वास घेता येत नाही. घरी येऊन तिने उशी घेऊन आम्हाला धरून दाखवलं, असं, असं नाही, असं. म्हणाली, आई त्याचं हृदय इतकं जोरात चालत होतं की मला वाटलं माझ्याच बोटात काहीतरी होतंय. सोडलं तेव्हा त्याने तिच्या टीशर्टवर घाण केली आणि गेलं. तो टीशर्ट धुवायला टाकताना मला दोनदा विचारलं, डाग जाणार नाही ना.

संपल्यावर दोन कामं. एक, लीडरला मुलाने स्वतः दोन ओळींचं थँक यू पाठवायचं आणि रेफरन्स म्हणून नाव दिलं तर चालेल का विचारायचं, लगेच, कारण हंगामी माणसं सप्टेंबरात कुठल्या कुठे जातात. दोन, पुढच्या वर्षी परत यायचं असेल तर परत पहिल्यापासून फॉर्म, गेल्या वर्षी होतो म्हणून जागा राखून ठेवत नाहीत.

यंदा संक्रांतीला तिने परत फोन केला, दार न लावता, स्वयंपाकघरात माझ्यासमोर. व्हॉइसमेलच लागला. नंबर दोनदा सांगितला, सावकाश.